चाळीच्या गॅलरीत वही घेऊन: परदेशी पासपोर्टावर गिरणगावात फील्डवर्क कसं करावं

लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड, वरळी या जुन्या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात कुणी अनोळखी माणूस वही घेऊन गॅलरीत उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर्व्हेवाले का?" हा प्रश्न साधा नाही. मुंबईत सर्व्हेवर घर ठरतं. झोपडपट्टीत १ जानेवारी २००० ही तारीख कुणाला मोफत घर मिळणार ते ठरवते. बंद गिरण्यांच्या कामगारांना म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो. ब्रिटिश काळात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळीत खोलीवर कुणाचं नाव आहे यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. तिथे एक गोरा माणूस किंवा परदेशी उच्चाराचं मराठी बोलणारी मुलगी येऊन "घरात किती जण राहता?" असं विचारू लागली, तर लोक आपल्या फायद्यातोट्याचा हिशोब करूनच उत्तर देणार. त्यांनी तसंच करायलाही हवं.

परदेशी अभ्यासकाची बरीचशी मेहनत या एका संशयापाशी अडते. तो कमी करायचा तर काय, कोणत्या क्रमानं आणि किती वेळ घेऊन करायचं, ते इथे दिलं आहे. बाहेरून आलेल्या संशोधकांना हे उपयोगी पडेल, पण खरी गरज दोघांना आहे: परदेशात वाढलेल्या मराठी घरातल्या मुलामुलींना, आणि अशा अभ्यासकांसोबत सहायक म्हणून काम करणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांना.

कागदपत्रं आधी, विमान नंतर

टुरिस्ट व्हिसावर मुलाखती घेऊ नका. "फक्त गप्पा मारतोय" हे कारण पोलीस ठाण्यात चालत नाही, आणि त्रास तुम्हाला होण्याआधी ज्या घरात तुम्ही बसला होतात त्या घराला होतो. रिसर्च व्हिसा काढा. त्यासाठी भारतातल्या मान्य संस्थेचं संलग्नतेचं पत्र लागतं. मुंबईत त्यासाठी सहसा देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग डोळ्यांसमोर येतो. (हा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसानं सुरू केला. म्हणजे मुंबईत समाजशास्त्राची सुरुवातच एका परदेशी माणसापासून झाली.) पत्र मिळवायला आणि व्हिसा मंजूर व्हायला काही महिने जातात, तेव्हा प्रकल्पाच्या वेळापत्रकात तेवढी जागा ठेवा. अर्जात विषय स्पष्ट लिहा. "शहरी संस्कृती" असं गोलमाल लिहून पुढे कामगार चळवळीवर काम केलं, तर मुदतवाढीच्या वेळी अडचण येते.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर उतरल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडे) ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ज्यांच्याकडे मुक्काम असेल त्या घरमालकालाही परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत द्यावी लागते. सगळे त्याला फॉर्म सी म्हणूनच ओळखतात. बऱ्याच घरमालकांना हे माहीत नसतं, म्हणून त्यांच्याशेजारी बसून ती नोंद तुम्हीच करून द्या.

ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलेल्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. कार्ड असलं की काहीही करता येतं असं त्यांना वाटतं. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधनासाठी ओसीआय कार्डधारकालाही वेगळी परवानगी घ्यावी लागते. आजी दादरला राहते, म्हणून ही अट सुटत नाही.

परदेशी विद्यापीठाच्या नीतीविषयक समितीकडून एक गोष्ट आधीच मंजूर करून घ्या: संमती तोंडी घेतली आणि रेकॉर्ड केली तरी चालेल. कारण पुढे येईलच.

जागा लहान धरा

"गिरणगाव" हा विषय झाला, फील्डवर्कची जागा नव्हे. परदेशातून आलेले बहुतेक प्रस्ताव धारावी, मानखुर्द आणि लालबाग तिन्ही एकत्र घेऊ पाहतात. मग आठ महिने लोकल ट्रेनमध्येच जातात. एक चाळ, फार तर समोरासमोरच्या दोन चाळी धरा. बीडीडीची एक इमारत घ्या: तळमजला धरून चार मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे ऐंशी खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फुटांची. आठ-दहा महिन्यांत पंचवीस-तीस कुटुंबं नीट समजली आणि चाळीसेक लांब मुलाखती झाल्या, तर काम चांगलं झालं म्हणायचं.

बीडीडीत काम करायचं असेल तर घाई करा. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती होत्या. आता पुनर्विकास वेगानं सुरू आहे, आणि वरळीत २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. काही कुटुंबं संक्रमण शिबिरात आहेत, काही भाडं घेऊन कळवा-डोंबिवलीकडे गेली आहेत. म्हणजे तुमची चाळ आता एका पत्त्यावर नाही. हे अडचण म्हणून सोडून देऊ नका, अभ्यासातच घ्या.

खोल्यांची यादी स्वतः करा. मतदार यादी किंवा चाळ समितीचं रजिस्टर यावर विसंबलात तर तीन प्रकारची माणसं सुटतात. पहिले भाडोत्री, कारण मूळ मालक त्यांचं नाव कुठेच लागू देत नाही. दुसरे बंद खोल्यांचे मालक, जे विरारला राहतात आणि फक्त मीटिंगला येतात. तिसरी बैठकीच्या खोल्यांतली माणसं; बैठकीची खोली म्हणजे कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या गावानं मिळून ठेवलेली खोली. तिथे गावचे एकटे पुरुष राहतात, भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी असते आणि जेवण बाहेर खानावळीत. कुटुंब हेच मोजमाप धरलेल्या नमुन्यात या खोल्या कधीच येत नाहीत, आणि गिरणीच्या काळातलं निम्मं जगणं तर तिथेच होतं.

भाषा

अनुवादकावर भागेल, असं समजू नका. दलित चळवळीच्या अभ्यासक गेल ऑम्व्हेट आणि एलिनॉर झेलियट, दोघी अमेरिकेतून आल्या, मराठी शिकल्या, म्हणून त्यांच्या कामाला इथे मान मिळाला. निघण्याआधी किमान सहा महिने रोज मराठी शिका. पुस्तकी मराठीवर मात्र थांबू नका. मालवणी, संगमेश्वरी आणि साताऱ्या-कोल्हापूरकडचं बोलणं कानावर पडू द्या. मदनपुऱ्यात उर्दू-हिंदी लागेल, पद्मशाली वस्तीत तेलुगू ऐकू येईल.

आधी व्याकरणाच्या नादी लागू नका; कामाचे शब्द पाठ करा. पाळी, खातं, साचा, बदली, खाडा, मुकादम, जॉबर, भोंगा, तिकीट नंबर, फंड, ग्रॅच्युइटी, लाल बावटा, संप. आणि घरातले मोरी, माळा, गॅलरी, पागडी, भिशी, बचत गट. "बदली" ऐकल्यावर "ट्रान्सफर कुठे झाली?" असं विचारलं, की समोरचे आजोबा हसतील आणि पुढचं सोपं करून सांगू लागतील. सोपं करून सांगितलेलं तुमच्या कामाचं नसतं. बदली म्हणजे कायम नसलेला कामगार: रोज गेटवर जायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी.

जागांची जुनी नावंही लक्षात ठेवा. लोक ना. म. जोशी मार्गाला डिलाईल रोड म्हणतात आणि प्रभादेवी स्टेशनला एल्फिन्स्टन. पोयबावडी तर नकाशात सापडणारच नाही.

वर्गात शिकलेल्यांकडून एक चूक हटकून होते: "तू" आणि "तुम्ही" यांत गोंधळ. वयानं मोठ्यांना नेहमी "तुम्ही", आणि सोबत नातं: काका, काकू, मावशी, आजोबा, ताई, दादा, समवयस्क विवाहितेला वहिनी. पक्षाच्या शाखेत, मंडळात "भाऊ" किंवा "साहेब". सर आणि मॅडम टाळा. त्यानं तुम्ही बँकेतून आल्यासारखे वाटता.

पहिला महिना: वही पिशवीत

पहिले चार आठवडे एकही मुलाखत घेऊ नका. रोज ठरावीक वेळी या, एकाच टपरीवर चहा घ्या, एकाच वाण्याकडून वस्तू घ्या, एकाच वाटेनं परत जा. उद्देश एवढाच की तुमचं येणं-जाणं लोकांच्या अंगवळणी पडावं. चाळीत तुम्ही कुणाला पाहता यापेक्षा तुम्हाला कुणाबरोबर पाहिलं जातं हे महत्त्वाचं. पहिल्या पंधरा दिवसांत तुम्ही ज्याच्याबरोबर दिसलात, त्याचे विरोधक तुमच्यासाठी कायमचे बंद होऊ शकतात.

म्हणून क्रम सांभाळा. आधी टपरी आणि दुकान. मग चाळ समितीचे सेक्रेटरी, त्यांना संस्थेचं पत्र मराठी भाषांतरासह द्या. मग गणेशोत्सव मंडळाचं ऑफिस. मग शाखा. शाखेत जाणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. "मी इथे अमुक काम करतोय, तुमच्या कानावर असावं" एवढंच सांगून निघा, फोटो काढून घेऊ नका. २०२२ च्या फुटीनंतर काही गल्ल्यांत शिवसेनेच्याच दोन शाखा आहेत. एकाच संध्याकाळी दोन्हीकडे जा. दुसरीकडे आठवड्यानं गेलात तर तोपर्यंत तुम्ही "त्यांचे" झालेले असता. मंडळं दोन असतील, समितीत दोन गट असतील, तर हाच नियम. संस्थेच्या पत्राची एक प्रत हद्दीतल्या पोलीस ठाण्यात देऊन पोचेचा शिक्का घ्या. पुढे कधी कुणी तक्रार केली, तर हा शिक्का फार कामाला येतो.

बिल्डरच्या ऑफिसमार्फत आत शिरू नका, तिथे कितीही आदरानं चहा मिळाला तरी. कामगार संघटनेमार्फत जाणंही जपूनच करा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लढणाऱ्या संघटना अनेक आहेत, त्यांची एकमेकींशी स्पर्धा आहे, आणि एकीच्या यादीतले कामगार दुसरीबद्दल मोकळे बोलत नाहीत.

ओळख करून देण्याची पाच-सहा वाक्यं घोकून ठेवा आणि प्रत्येक दारात तीच म्हणा:

"माझं नाव अमुक. मी अमुक देशातल्या विद्यापीठात शिकतो. गिरण्या बंद झाल्यावर घरं कशी चालली, यावर अभ्यास करतोय. सरकार, म्हाडा, बिल्डर, पक्ष किंवा पेपर यांच्याशी माझा संबंध नाही. माझ्या अभ्यासानं तुम्हाला घर किंवा पैसे मिळणार नाहीत. बोलायचं नसेल तर काही हरकत नाही, आणि मध्येच थांबलात तरी चालेल."

पाचवं वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नका. न मिळणाऱ्या घराच्या आशेनं दिलेली मुलाखत खोटी तर निघतेच, वर सहा महिन्यांनी तो माणूस "माझं काय झालं?" म्हणून गॅलरीत अडवतो, आणि ते ऐकायला अख्खा मजला बाहेर येतो.

लोकही तुम्हाला विचारतील: पगार किती, लग्न झालं का, तिकडे एकटेच राहता का, देव मानता का. टाळू नका, खोटंही बोलू नका. स्कॉलरशिपचा आकडा सांगायचा तर तिकडचं घरभाडंही त्याच वाक्यात सांगा. मिशनरी आहात का, हा संशय काही ठिकाणी येतो. "धर्माचं काम करत नाही" हे एकदा स्पष्ट सांगितलं की पुरतं. मराठी घरातल्या परदेशी मुलांना वेगळाच प्रश्न येतो: "आडनाव काय? गाव कोणतं?" उत्तर दिलं की जात कळते, आणि काही दारं उघडतात, काही मिटतात. यावर उपाय नाही. मात्र कोणत्या घरात आडनाव सांगण्याआधी आणि नंतर बोलणं कसं बदललं, ते टिपणात लिहा. गोऱ्या अभ्यासकाला ही माहिती मिळत नाही.

राहायचं कुठे

चाळीतच खोली घ्यावी असं बहुतेकांना वाटतं. पागडीच्या (आधी मोठी रक्कम देऊन कमी भाड्यानं घेतलेल्या) खोलीत पोटभाडेकरू ठेवणं मूळ भाडेकरूला महागात पडू शकतं, आणि परदेशी पोटभाडेकरू कुणाच्या नजरेतून सुटत नाही. चालत दहा-पंधरा मिनिटांवर, रीतसर लीव्ह अँड लायसन्स कराराची जागा घ्या. चाळीत कुणी आग्रहानं रात्री ठेवून घेतलं, गोकुळाष्टमी किंवा गणपतीच्या जागरणाला, तर थांबा. रोजचा मुक्काम वेगळा ठेवल्यानं टिपणं लिहायला बंद दार मिळतं, जे चाळीत कुणालाच मिळत नाही.

सहायक

सहायक त्याच चाळीतला नको, पण त्याच प्रकारच्या वस्तीत वाढलेला हवा. त्याच चाळीतला असला तर लोक घरगुती गोष्टी त्याच्यासमोर बोलणार नाहीत, आणि तुम्ही विमानात बसल्यावर उत्तरं त्यालाच द्यावी लागतील. शक्य असेल तर एक बाई आणि एक पुरुष असे दोघे अर्धवेळ घ्या. पैसे महिन्याला, लेखी ठरवून, आणि मुलाखत फिसकटली तरी पूर्ण. मुलाखतीमागे पैसे दिले, की मुलाखती वाढतात आणि पातळ होतात. लेखात नाव द्यायचं की नाही, हेही सुरुवातीलाच विचारा. काहींना हवं असतं, काहींना पुढे तिथेच राहायचं असतं.

मुलाखत कधी, कुठे, कशी

चाळीचं घड्याळ पाण्यावर चालतं. कुठे पाणी पहाटे येतं, कुठे संध्याकाळी. त्या वेळेत कुणाच्या दारात जाऊ नका. बायकांशी बोलायला साधारण दुपारी दोन ते चार बरं: जेवणं आटोपलेली, भांडी झालेली, मुलं शाळेत. निवृत्त पुरुष संध्याकाळी चौकात किंवा कट्ट्यावर सापडतात. नोकरदार फक्त रविवारी, तोही मटण शिजण्याआधी.

वर्षाचंही वेळापत्रक पाहा. गणपती आणि शिमग्याला कोकणातली कुटुंबं गावी जातात, मे महिन्यात तर निम्मी चाळ रिकामी. ते दिवस मुलाखतींचे नव्हेत. पण कुणी गावाला बोलावलं तर जरूर जा, मुंबईच्या खोलीत न कळलेला पैशाचा हिशोब तिथे उलगडतो. मंडळाच्या बैठका गणपतीच्या दोन-तीन महिने आधी सुरू होतात. सत्ता कशी वाटली जाते ते तिथे दिसतं. बीडीडीत आणि इतर दलित वस्त्यांत १४ एप्रिलच्या तयारीला आधीपासून हजर राहा. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू असतं, स्त्री अभ्यासकाला ते घरोघरी नेतं. विधवा बायका त्यात कुठे असतात, तेही पाहा.

दहा बाय बाराच्या खोलीत एकांत नसतो. काकू बोलायला बसल्या की शेजारीण दारात टेकते, सून मोरीतून ऐकते, नातू फोनचा आवाज वाढवतो. ही गर्दी हटवू नका. पहिली मुलाखत सगळ्यांसमोरच होऊ द्या. त्यात कळतं ते घराचं सगळ्यांना मान्य असलेलं बोलणं. दुसरी मुलाखत भाजी निवडताना, रेशनच्या रांगेत किंवा केईएम रुग्णालयाच्या ओपीडीत सोबत बसून होते, आणि तिथे पहिलीतलं बरंच उलटं निघतं. दोन्ही ठेवा. पुरुष अभ्यासकानं दार उघडं ठेवून दाराजवळ बसावं, घरात बाई एकटी असेल तर गॅलरीतच. चपला बाहेर. चहाला नाही म्हणू नका. पोटाची काळजी असेल तर पाणी टाळा, चहा उकळलेला असतो.

जात सरळ विचारू नका. "कोणत्या खात्यात होता?" हा प्रश्न बरंच सांगून जातो. विणकाम खात्यात धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळ्यातून) धागा तोंडानं ओढावा लागे, आणि विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यातून बाहेर ठेवलं जाई. तिथे पगार जास्त होता. हा प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या दशकातल्या संपांच्या वेळी उभा केला होता, आणि ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिले. खातं, गाव आणि चाळीतली इमारत, या तीन उत्तरांवरून बहुतेक वेळा कळतं. नाही कळलं तर सहाव्या भेटीपर्यंत थांबा.

सन विचारू नका, घटना विचारा. "१९८६ मध्ये कुठे होता?" याला उत्तर मिळत नाही. "संपानंतर पहिलं काम कोणतं मिळालं, तेव्हा मोठी मुलगी कितवीत होती?" याला मिळतं. लोकांचे टप्पे असे: १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला कामगार नेते दत्ता सामंतांचा संप, ९२-९३ ची दंगल, गिरणीचं गेट बंद झालं तो दिवस, २६ जुलै २००५ चा पाऊस. संपाच्या वेळी वीस वर्षांचा असलेला माणूस आता साठी ओलांडून गेला आहे, तेव्हा चाळीस मिनिटांवर बैठक ताणू नका. आणि "संप फसला का?" असं विचारू नका. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि काही जण हे अजून ठासून सांगतात.

बायकांना "तुम्ही काम करत होता का?" असं विचारलं तर "नाही, घरीच" असं उत्तर येतं. त्याच बाईनं पंधरा वर्षं वीस जणांची खानावळ चालवलेली असते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांसाठी. म्हणून विचारा: "रोज किती डबे व्हायचे? उधारी कोण ठेवायचं? संपात डब्याचे पैसे आले का?" तिसऱ्या प्रश्नानंतर बराच वेळ गप्प बसायची तयारी ठेवा.

सही नको

परदेशी विद्यापीठं छापील फॉर्मवर सही मागतात. इथे सही म्हणजे पुनर्विकासाचं संमतीपत्र, गहाणखत, नाहीतर कोऱ्या कागदावरचा अंगठा. ज्या घरांनी बिल्डरला सही देऊन पस्तावा केला आहे, तिथे तुमचा फॉर्म पाहून पुढचं सगळं बोलणं थांबेल. म्हणून मराठीत वाचून दाखवा, तोंडी होकार रेकॉर्डरवर घ्या, आणि तुमचं नाव, संस्था, तक्रार कुठे करायची ते लिहिलेला एक कागद त्यांच्याकडे ठेवा. कागद तुम्ही द्यायचा, त्यांच्याकडून घ्यायचा नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली कागदपत्रं लोक आपणहून दाखवतात: गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फंडाची स्लिप. ती घरातच पाहा, झेरॉक्सला म्हणूनही बाहेर नेऊ नका. म्हाडाच्या घराचा हक्क त्याच कागदावर असतो. परवानगी मिळाली तर फोटो काढा. आधार कार्डाचा मात्र कधीच नको.

गुप्ततेचं वचन देताना एक मर्यादा लक्षात ठेवा. अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "काहीही सांगा, कुणाला कळणार नाही" असं म्हणूच नका.

रेकॉर्डर दोन ठेवा आणि शर्टाला लावायचा छोटा माईक वापरा. कुकरची शिट्टी, टीव्ही मालिका आणि खालून जाणारी ट्रेन यांत फोनचा माईक हरतो. गॅलरीतल्या एका तासाच्या रेकॉर्डिंगचं लिप्यंतर करायला सहा ते आठ तास लागतात, म्हणून आठवड्याला तीनपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नका. टिपणं त्याच रात्री लिहा. नावांच्या जागी खुणेचे आकडे, आणि आकड्यांची किल्ली वेगळ्या, पासवर्ड असलेल्या ठिकाणी. ड्रोन उडवायचा विचारही नको. ट्रॉम्बेकडच्या वस्त्यांत काम असेल तर अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात कॅमेरा पिशवीतच ठेवा.

पैसे, वर्गणी, भेटी

मुलाखतीचे रोख पैसे देऊ नका. एका घराला दिले की संध्याकाळपर्यंत मजल्याला दर कळतो. फोटोच्या छापील प्रती, शाळेच्या अर्जात मदत, दवाखान्यात सोबत, एवढं पुरतं आणि लक्षात राहतं.

वर्गणीचं प्रकरण नाजूक आहे. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन येणारच. परदेशी नागरिकानं भारतातल्या संस्थेला दिलेली देणगी परदेशी योगदान नियमन कायद्यात येते, मग ती रुपयांत असो, आणि देणारा ओसीआय कार्डधारक असला तरी. नोंदणी नसलेल्या मंडळाला ती घेता येत नाही. सहायकाच्या नावानं पावती फाडण्याची युक्ती लोक सुचवतील, नको. हे कारण हसत, पण स्पष्ट सांगा, आणि अंगमेहनत करा: मांडवात खुर्च्या लावा, प्रसाद वाटा, रांग सांभाळा. कायद्याचं कारण खरं आहे म्हणून कुणी रागावत नाही, आणि दोन मंडळांच्या पावत्यांतून सुटका होते ती वेगळीच. हातउसने मागितले तर, परत आले नाहीत तरी चालेल एवढीच रक्कम द्या, आणि एकाच घराला दुसऱ्यांदा नको.

बिनसतं तेव्हा

बिल्डरचा माणूस असल्याची अफवा पसरली, तर घरोघर खुलासे देत फिरू नका. चाळ समितीच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं मागून घ्या, संस्थेचं पत्र वाचा, प्रश्न येऊ द्या. मग आठवडाभर वही न काढता नुसते येत-जात राहा. भांडणात कुणी "तुम्हीच सांगा, कोण बरोबर?" असं विचारलं तर निवाडा देऊ नका. दारूच्या बैठकीला पुरुष अभ्यासकांना आग्रह होतो. एकदा बसलात की पुढच्या वेळी "नाही" म्हणणं अवघड, आणि घरातल्या बायकांचा भरवसा त्याच दिवशी जातो.

पावसाळ्यात हिंदमाता, परळ, लालबाग या भागांत पाणी तुंबतं. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका, लेप्टो या तापाची भीती असते. उतरावंच लागलं तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

निघताना आणि नंतर

निघायच्या सहा आठवडे आधीपासून सांगायला लागा. अचानक गेलात तर "काम झालं, गेला" असंच बोललं जातं, आणि पुढच्या अभ्यासकाला त्याच गॅलरीत दुप्पट वेळ लागतो. ज्यांनी मुलाखत दिली त्यांना हवी असल्यास त्यांची ध्वनिफीत पेनड्राइव्हवर द्या. वारलेल्या आजोबांचा आवाज घरच्यांना लागतो, पण त्यातला कुठला भाग घरच्यांनी ऐकावा, हे त्यांच्या हयातीतच त्यांना विचारून ठेवा.

लिहिताना माणसांची नावं बदलणं पुरेसं नसतं. "तिसऱ्या मजल्यावरची खानावळवाली, जिचा मुलगा दुबईला आहे" एवढ्यावरून चाळीतला प्रत्येक जण ओळखतो. दोन माणसांचे तपशील एकत्र करा किंवा मजला, गाव, मुलांची संख्या बदला, आणि काय बदललं याची नोंद फक्त स्वतःकडे ठेवा. भाडोत्री, विकलेली खोली, खोटा पत्ता अशी जी माहिती पात्रतेच्या तपासणीत कुणाच्या विरुद्ध वापरता येईल, ती छापू नका, कितीही महत्त्वाची वाटली तरी. पुनर्विकासाचे दावे पंधरा-वीस वर्षं चालतात आणि वकील प्रबंध वाचतात.

प्रबंधाचा दहा-बारा पानांचा मराठी गोषवारा करून चाळ समितीला, संलग्न संस्थेला आणि नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्या. तो छापण्याआधी चाळीतल्या दोघांकडून वाचून घ्या: एक तुम्हाला मानणारा, एक न मानणारा. दुसऱ्याच्या दुरुस्त्या आधी करा.